चिखलातून गाडी आली, पण चार्जिंग गेलं

आमच्या घरी एक जुनी डिझेल जीप आहे. अब्बांच्या हयातीत घेतलेली. शेतात खत नेणं, मोंढ्यावर माल पोचवणं, लग्नसराईत पाहुण्यांची ने-आण, आणि कुणी आजारी पडलं तर जालना गाठणं, ही सगळी कामं तिच्यावरच. बदनापूरहून जालना वीसेक किलोमीटर. रस्ता चांगला आहे, गाडी चांगली असली तर अंतर कळतही नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र याच रस्त्यावर, रात्री, भर पावसात, बाळंतपणासाठी निघालेली आमची धाकटी भावजय गाडीत असताना जीपचे दिवे विझत गेले. मूल सुखरूप जन्मलं, त्यामुळे आज हे शांतपणे लिहिता येतंय. पण त्या रात्रीपर्यंत आम्ही कुठे कुठे चुकलो, हे वाचकांना सांगावंसं वाटतं. ज्यांच्या दारात जीप, पिकअप किंवा ट्रॅक्टर आहे आणि शिवारात काळी माती आहे, त्यांना याचा उपयोग होईल.

सुरुवात सप्टेंबरात झाली. सोमठाण्याकडे, दुधनेच्या अंगाला आमच्या मामूंचं रान आहे. सोयाबीन काढून झाकून ठेवलेलं, आभाळ भरून आलेलं. भाईजान जीप घेऊन निघाले. पाणंद रस्त्याला वाफसा नव्हता, हे त्यांनाही दिसत होतं, पण पोती भिजली तर हंगाम जाणार. ओढ्याच्या उतारावर जीप रुतली. दीड तास चाकं जागेवर फिरत होती. चिखल एक्सलच्या वर, इंजिनखाली गोळे. शेवटी ट्रॅक्टर लावून ओढून काढली.

आपल्याकडची काळी माती म्हणजे बेसॉल्ट खडक झिजून झालेली चिकणमाती. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं, म्हणून उन्हाळ्यात रानाला हातभर भेगा पडतात. याच मातीवर बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र तुरीचं काम करतं. बीडीएन ७११ हे तुरीचं वाण शेतकऱ्यांना माहीत आहे, त्यातलं ‘बीडीएन’ म्हणजे बदनापूरच. ओल धरून ठेवण्याचा जो गुण तुरीला तारतो, तोच गाडीला मारतो. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षा बारीक, म्हणजे पिठाहूनही कितीतरी बारीक. पाण्याबरोबर तो जाईल तिथे जातो, आणि पाणी उडालं की तिथेच सिमेंटसारखा बसतो. वाळू झटकली तर पडते, ही माती झटकून पडत नाही.

आणि अल्टरनेटर उघडाच असतो. गावात अजून कुणी त्याला ‘डायनमो’ म्हणतं. इंजिन चालू असताना गाडीला वीज देणारं आणि बॅटरी भरणारं यंत्र ते हेच. आत एक चुंबक फिरतो. इंजिनच्या एका फेऱ्यामागे अल्टरनेटरचे साधारण दोन ते तीन फेरे होतात, म्हणजे इंजिन दोन हजारांवर असलं की हा पाच हजारांच्या आसपास फिरत असतो. एवढ्या वेगात तो तापतो, म्हणून हवा जावी यासाठी पुढून-मागून जाळ्या ठेवलेल्या असतात. हवा जिथून जाते तिथूनच चिखलाचं पाणी जातं. बऱ्याच गाड्यांत तो इंजिनच्या खालच्या बाजूला, चाकाच्या उडत्या चिखलासमोरच बसवलेला असतो.

दुसऱ्या दिवशी गाडी धुवायला नेली. तिथल्या पोराने मोठ्या दाबाच्या पाण्याने इंजिन चकाचक करून दिलं. वरून खालून डिझेलचा फवाराही मारला, आपल्याकडे ती रीतच आहे. आम्हीही खूश झालो. चूक इथेही होती, पण ती नंतर कळली.

पंधरा दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी किल्ली फिरवली, तर सेल्फ ‘कट्’ करून गप्प. धक्का मारून गाडी सुरू केली आणि बॅटरीवाल्याकडे नेली. त्याने बॅटरीला यंत्र लावलं, ‘सेल गेलाय’ म्हणाला. बॅटरी तीन वर्षांची होती, आम्हालाही पटलं. साडेपाच हजारांची नवी बॅटरी बसवली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. आता गाडी एका इलेक्ट्रिकवाल्याकडे गेली. त्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढली, इंजिन अडखळलं. ‘डायनमो गेला’ असा निकाल लागला. रिकंडिशन केलेला अल्टरनेटर बसवला, चार हजार रुपये. जुना त्याने बदल्यात मागितला होता. पण अम्मींना कुठलीही जुनी वस्तू टाकवत नाही, त्यांनी तो गोणपाटात बांधून पडवीत ठेवला. या सवयीवरून आम्ही अम्मींना नेहमी हसतो. यापुढे हसणार नाही.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघणं ही पूर्वीच्या डायनमोच्या जमान्यातली पद्धत आहे. अल्टरनेटरला ती घातक ठरू शकते. बॅटरी ही त्या विजेला धरून ठेवणारी असते. ती अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर कितीतरी वर उसळतं आणि अल्टरनेटरमधले डायोड किंवा नव्या गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो. कुणी तुमच्या गाडीवर असं करायला लागलं, तर हात धरून थांबवा.

नव्या अल्टरनेटरवर महिनाभर गाडी नीट चालली. सेल्फ थोडा मंद वाटायचा, तेवढंच. मग ती रात्र आली.

धाकटा पुण्याला नोकरीला. भावजयीला रात्री साडेअकराच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. पाऊस पडत होता. भाईजान, अम्मी आणि भावजय निघाले. वायपर चालू, हेडलाइट चालू, काचेवर वाफ धरते म्हणून पंखा चालू. गाव सोडल्यावर थोड्याच वेळात अम्मी म्हणाल्या, ‘उजेड पिवळा पडलाय रे.’ भाईजानांना वाटलं, पावसामुळे असेल. मग बॉनेटमधून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा अर्धवट, मिणमिणता लागला. हॉर्न घोगरा झाला. समोर ट्रक दिसला म्हणून ब्रेक दाबला तर पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा दगडासारखा कडक. दोन्ही पायांनी जोर लावावा लागला.

भाईजानांनी तेव्हा जे केलं ते आमच्या मते सगळ्यात शहाणपणाचं होतं. कसंबसं रेटत जालन्याला पोचायचा हट्ट त्यांनी केला नाही. पेट्रोल पंप दिसला तशी गाडी आत घेऊन उभी केली आणि १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका आली, भावजय आणि अम्मी पुढे गेल्या. पहाटे मुलगी झाली.

ब्रेक का कडक झाला, हे त्या रात्री कुणालाच कळलं नव्हतं. अल्टरनेटरचा आणि ब्रेकचा काय संबंध? दुसऱ्या दिवशी उस्तादांनी सांगितलं तेव्हा भाईजान मटकन खाली बसले.

उस्ताद म्हणजे आमच्याच गावातले एक बुजुर्ग कारागीर. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नुसतं उस्ताद लिहितो. त्यांच्याकडे मोठं गॅरेज नाही. एक पत्र्याची टपरी, एक बाकडं, आणि दोरीला टांगलेला मल्टिमीटर. दुपारी जीप ओढून नेली तर म्हणाले, ‘असरनंतर या. घाईत मी मीटर हातात धरत नाही.’ आमची थोरली मुलगी बारावी सायन्सला आहे. ती कुतूहलाने बरोबर आली, आणि उस्तादांनी तिलाच वही धरायला लावली. त्या वहीमुळेच पुढचे आकडे आम्हाला देता येत आहेत.

आधी त्यांनी ब्रेकचं कोडं सोडवलं. पेट्रोल इंजिनमध्ये हवा ओढताना पोकळी तयार होते आणि तीच ब्रेकच्या बूस्टरला मदत करते. डिझेल इंजिनात तशी पोकळी मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल जीप, सुमो आणि छोट्या टेम्पोत हा पंप अल्टरनेटरच्याच पाठीला जोडलेला असतो. एकच पट्टा, एकच दांडा. पट्टा घसरला की चार्जिंग कमी होतं आणि ब्रेकची मदतही. टाकीत साठलेल्या पोकळीवर एखाद-दोन वेळा ब्रेक लागतो, नंतर सगळा भार पायावर. शिवाय अनेक इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणजे इंजिन तापणार. ‘लाल बत्ती लागली तर लोक समजतात बॅटरीचं काहीतरी आहे, बघू उद्या,’ उस्ताद म्हणाले. ‘तुमच्या गाडीत ती बत्ती म्हणजे ब्रेकचीही बत्ती आहे.’

आपल्या गाडीत हा पंप अल्टरनेटरला आहे की वेगळा, हे वाचकांनी एकदा मेकॅनिकला विचारून ठेवावं. अल्टरनेटरच्या मागून ऑइलची बारीक नळी आणि रबरी होज जात असेल, तर पंप तिथेच आहे.

मग मोजणी सुरू झाली. पहिली गोष्ट, बॅटरी. इंजिन बंद, दिवे बंद, मीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना. आकडा आला ११.९. भरलेल्या बॅटरीला साधारण १२.६ दिसायला हवेत. उस्तादांनी त्या दिवशी पुढे काहीच केलं नाही. बॅटरी रात्रभर चार्जरला लावली. रिकामी बॅटरी ठेवून अल्टरनेटर तपासला तर सगळेच आकडे खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला आठवलं, आधीच्या दोन्ही ठिकाणी हे कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इंजिन चालू करून जरा वाढवलं. नियम असा की बॅटरीवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. तेराच्या खाली म्हणजे चार्जिंग होत नाही, पंधराच्या वर म्हणजे कटआउट, म्हणजे रेग्युलेटर, बिघडला आणि बॅटरी उकळणार. आमच्या जीपचा आकडा १३.१. ना धड इकडे, ना तिकडे. थोरली म्हणाली, ‘मग अल्टरनेटरच खराब ना?’ उस्ताद हसले. त्यांनी मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटावर आणि दुसरी अल्टरनेटरच्या अंगावर टेकवली. १४.३!

म्हणजे अल्टरनेटर वीज नीट बनवत होता. ती बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. मधे १.२ व्होल्ट कुठेतरी सांडत होते.

कुठे, हे शोधायची रीत इतकी सोपी आहे की घरच्या माणसालाही जमेल. इंजिन चालूच ठेवून मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटावर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर. इथे ०.२-०.३ च्या वर आकडा नको. आमचा ०.३ आला, चालेल असा. मग एक सुई अल्टरनेटरच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. इथे तर जवळजवळ शून्य यायला हवं. आमचा आकडा ०.९. मुलीने लगेच वहीत बेरीज केली, ०.३ आणि ०.९, बरोबर १.२. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो परीक्षेतही दिसत नाही.

वीज जाते तशी परत यायला लागते. परत यायची वाट म्हणजे इंजिनपासून चॅसीला गेलेली अर्थची पट्टी. ती गाडीखाली असते. उस्ताद खाली सरकले, पेचकसाने वाळलेल्या मातीचा एक लगदा उकलला, आणि खाली हिरवी-पांढरी बुरशी धरलेली पट्टी दिसली. सप्टेंबरचा चिखल नोव्हेंबरातही तिथेच होता. ओल धरून त्याने नटाखालचं तांबं-लोखंड खाल्लं होतं. पट्टी काढून, दोन्ही बाजूंचे नट-वॉशर आणि चॅसीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासून पुन्हा आवळली, वरून व्हॅसलीन लावलं. व्हॅसलीन आवळल्यानंतर वरून लावायचं, आधी मधे भरायचं नाही. बॅटरीवर आकडा १४.१. सेल्फ मंद का फिरत होता, तेही कळलं. त्यालाही हाच परतीचा रस्ता लागतो.

आमच्या मते काम संपलं होतं. उस्तादांच्या मते अर्धं झालं होतं. त्यांनी हेडलाइट, वायपर, पंखा सगळं चालू केलं आणि रेस दिली. तीच त्या रात्रीची किंचाळी! आकडा धडाधड उतरून १२.६. ‘हा तुमचा पट्टा,’ ते म्हणाले.

पट्टा काढून दाखवला. व्ही आकाराच्या पट्ट्याने पुलीला दोन्ही बाजूंनी घट्ट धरायचं असतं. तळाला टेकायचं नसतं. आमचा पट्टा चिखलाच्या घासणीने कडेने इतका झिजला होता की पुलीच्या तळाशी बसून नुसता घसरत होता. ओळखण्याची खूण म्हणजे पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चमकतो. त्यातच धुलाईच्या दिवशीचा डिझेलचा फवारा. डिझेलने रबर फुगतं, मऊ पडतं, पट्टा गुळगुळीत होतो, आणि पुढे उडालेली धूळ त्यावर अधिकच चिकटते. गाडीच्या तळाला गंज लागू नये म्हणून फवारा मारतात, ते एक वेळ ठीक. पण इंजिनमध्ये पट्ट्यावर, वायरिंगवर डिझेल मारू देऊ नये. पुढच्या वेळी आम्ही उभं राहून सांगणार आहोत.

नवा पट्टा चारशे रुपयांच्या आत आला. अंगठ्याने दाबून साधारण एक सेंटीमीटर दबेल एवढा ताण दिला. सैल ठेवला तर घसरतो, फार ताणला तर बेअरिंग खातो. सगळे दिवे लावून आकडा १३.९. मग मीटर एसीवर करून एकदा बॅटरीवर धरला. डायोड गेला असेल तर इथे अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसतं. आमचं अगदी किरकोळ होतं.

आता राहिला प्रश्न पहिल्या अल्टरनेटरचा. मग तो खराब होता की नव्हता? उस्तादांनी विचारलं, ‘जुना कुठंय?’ आणि अम्मींचं गोणपाट कामाला आलं.

खोलण्याआधी त्यांनी एक प्रश्न केला. गाडी बंद पडायला लागली होती त्या दिवसांत, किल्ली अर्धी फिरवली की बॅटरीची लाल बत्ती लागायची का? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. भाईजानांना आठवलं, नव्हती लागत. आम्हाला त्याचं समाधानच वाटलं होतं. बत्ती नाही म्हणजे तक्रार नाही. खरी गोष्ट उलटी आहे. किल्ली फिरवली आणि इंजिन अजून सुरू नाही, तेव्हा ती बत्ती लागलीच पाहिजे. त्या बत्तीतून थोडीशी वीज अल्टरनेटरच्या फिरत्या चुंबकात जाते आणि त्याला जागं करते. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर स्वतः वीज बनवायला लागला की दोन्ही बाजूंना सारखाच दाब होतो आणि बत्ती विझते. किल्लीवर बत्तीच लागत नसेल तर एक तर बल्ब गेलाय, किंवा वायर तुटली आहे, किंवा आत कार्बन टेकत नाही. चालू गाडीत बत्ती पूर्ण लागली तर चार्जिंग बंद. अर्धवट मिणमिणली तर पट्टा, डायोड किंवा जोड संशयित. एका छोट्या बत्तीत एवढं सगळं लिहिलेलं असतं.

जुना अल्टरनेटर बाकड्यावर आला. दोन भाग पुन्हा तसेच जुळावेत म्हणून अंगावर करवतीने एक रेघ मारली, लांब बोल्ट काढले. आत पाहतो तर ओढ्यातली माती. पंख्याच्या पात्यांत वाळलेली, जाळीत बसलेली. कार्बनची डबी काढली. कार्बन म्हणजे कोळशाचे दोन छोटे तुकडे. स्प्रिंगच्या जोराने ते फिरत्या तांब्याच्या कड्यांवर टेकून चुंबकाला वीज देतात. झिजतील तसे पुढे सरकत राहतात. आमचे कार्बन बोटाने दाबूनही हलेनात. डबीच्या भिंतीत आणि कार्बनमध्ये काळी माती जाऊन वाळली होती. पंधरा दिवस कार्बन झिजले, पण पुढे सरकू शकले नाहीत, आणि एके दिवशी कड्यांपासून सुटले. म्हणून ती बत्ती लागत नव्हती. कार्बनची लांबी मोजली तर बारा मिलीमीटर शिल्लक. पाचच्या खाली गेले की बदलतात. म्हणजे ते बदलायचीही गरज नव्हती!

पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने साफ केले, ते सरसर सरकायला लागले. कड्यांवर मातीने हलकी चर पडली होती, तिथे झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने फिरवून सफाई केली. दोन कड्यांमध्ये मीटर लावून चुंबकाचं वाइंडिंग तपासलं, तीन ओहमच्या आसपास आलं. वाइंडिंग आणि अंग यांच्यात जोड नाही, हेही पाहिलं. पुढचं बेअरिंग हाताने फिरवलं तर खरखर. हा एवढाच भाग खरा गेलेला. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो नंबर सांगून दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं नवं आणलं. मागच्या व्हॅक्यूम पंपाचा ऑइल सील पाहिला, कोरडा होता. तो गळाला तर ऑइल आत येऊन कार्बनचा चिकट काळा लेप होतो, आणि मग कितीही कार्बन बदला, टिकत नाहीत. बसवताना पंपात थोडं ऑइल घालूनच पट्टा चढवला, कोरडा फिरला तर पंप पहिल्याच मिनिटात घासला जातो.

दोन दिवसांच्या कामाचे उस्तादांनी साडेसहाशे रुपये घेतले, बेअरिंग धरून. भाईजान जास्त देऊ लागले तर म्हणाले, ‘जे बिघडलंच नव्हतं, त्याचे पैसे कसे घेऊ?’ आम्ही आधीच साडेनऊ हजार देऊन बसलो होतो. बॅटरीवाल्याला किंवा इलेक्ट्रिकवाल्याला दोष द्यावा का, यावर घरात दोन मतं आहेत. भाईजान म्हणतात, त्यांनी फसवलं. आम्हाला वाटतं, फसवलं नसेल, मोजलं नाही. दोघांनीही मीटर हातात घेतला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आणि आम्हीही ‘काय आकडा आला?’ असं एका शब्दाने विचारलं नाही.

उस्तादांकडून घेतलेल्या आणखी काही गोष्टी. चिखलातून गाडी आली तर माती ओली असतानाच, म्हणजे त्याच दिवशी, इंजिन थंड झाल्यावर बागेच्या पाइपने हलक्या धारेने धुवावी. मोठ्या दाबाचं यंत्र अल्टरनेटरच्या जाळीवर धरलं तर ते माती बाहेर काढत नाही, बेअरिंगच्या सीलमधून आत ढकलते. धुतल्यावर इंजिन काही वेळ चालू ठेवावं, आतली वाफ निघून जाते. तापलेला अल्टरनेटर एकदम थंड पाण्यात बुडू नये. पाण्यातून जायचंच असेल तर आधी थांबून जरा थंड होऊ द्यावा, नको ते दिवे-पंखे बंद करावेत. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा कान द्यावा. चिखलाचं दुखणं त्याच दिवशी दिसत नाही, वाळल्यावर दिसतं. सुई-सुई असा बारीक आवाज वेगाबरोबर वाढत असेल तर बेअरिंग. ओल्या सकाळी किंवा दिवे लावल्यावर किंचाळी येत असेल तर पट्टा.

वाटेत चार्जिंग गेलंच तर? जुन्या, साध्या पंपाच्या डिझेल इंजिनला चालायला जवळजवळ वीज लागत नाही. दिवसा, पट्टा शाबूत असेल आणि ब्रेक मऊ लागत असेल, तर दिवे-पंखा बंद ठेवून जवळचं गॅरेज गाठता येतं. वाटेत इंजिन बंद करू नये. कॉमन रेल डिझेल आणि पेट्रोल गाड्यांचं मात्र तसं नाही. त्यांचा कॉम्प्युटर आणि इंधनाचा पंप बॅटरीवरच चालतो, बॅटरी उतरली की गाडी जागेवर थांबते. ब्रेक कडक झाला असेल तर कुठलीही गाडी पुढे नेऊ नये. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंगही कॉम्प्युटर कमी-जास्त करतो. तिथे आकडा कधी साडेबारा तर कधी पंधराच्या जवळ दिसू शकतो, तेव्हा वरचा १४ चा नियम डोळे झाकून लावू नये. ट्रॅक्टरला मात्र हे सगळं जसंच्या तसं लागू आहे. चिखलणी करून आलेल्या ट्रॅक्टरची अर्थची वायर कुणी कधी बघतं का?

आता जीपला तिचा मूळचाच अल्टरनेटर आहे. चार हजारांचा तो दुसरा गोणपाटात गेला आहे, अम्मींच्या ताब्यात. थोरलीने साडेतीनशे रुपयांचा मल्टिमीटर घेतला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती दोन आकडे वहीत लिहिते, एक इंजिन बंद असताना, एक सगळे दिवे लावून. छोटी आता चार महिन्यांची झाली आहे आणि बॉनेट उघडलं की हात पुढे करते. गेल्या रविवारी वहीत लिहिलं गेलं १२.६ आणि १३.९. परवा अवकाळीने पुन्हा झोडपलं. मामूंचा फोन आला होता, गव्हाची पोती आणायची आहेत म्हणून. भाईजानांनी विचारलं, पाणंदीला वाफसा आहे का? नाही म्हणाले. मग पोती ताडपत्रीखाली आहेत आणि जीप दारात उभी आहे.